सासूबाईंसाठी एकच रिमोट

घरातल्या माणसाला टीव्ही लावायला दुसऱ्या कुणाला हाक मारावी लागू नये, असं माझं ठाम मत आहे. विशेषतः दिवसभर घरात असणाऱ्या माणसाला. आमच्याकडे ते माणूस म्हणजे सासूबाई. वय ब्याऐंशी, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली, स्मरणशक्ती मात्र खणखणीत. सकाळी सह्याद्री वाहिनी, दुपारी एखादं कीर्तन, संध्याकाळी मालिका आणि साडेनवाच्या आत बातम्या, असं त्यांचं ठरलेलं आहे. हवे ते चॅनेल नंबर त्यांना पाठ आहेत. तरीही गेल्या वर्षी त्यांनी दुपारचा टीव्ही लावणंच सोडून दिलं होतं. नात कॉलेजातून आली की तिच्याकडून लावून घ्यायच्या, तोवर गप्प बसून राहायच्या. ते लक्षात आलं तेव्हा मी हा विषय हातात घेतला.

आमचं सामान साधंच आहे. 43 इंची टीव्ही, डीटीएचचा जुना एचडी बॉक्स, एक साउंडबार, म्हणजे टीव्हीखालचा लांबट स्पीकर, आणि टीव्हीला लावून इंटरनेटवरचं बघायची फायर स्टिक. प्रत्येकाचा आपापला रिमोट, म्हणजे टीपॉयवर चार रिमोट. पण चार रिमोट ही अडचणीची वरवरची बाजू झाली. आई नेमक्या कुठे अडतात, हे मी दोन-चार दुपारी शेजारी बसून नुसतं पाहिलं. अडण्याच्या जागा तीन निघाल्या.

पहिली, चालू-बंद. आई टीव्ही बंद करताना कधी टीव्हीचा रिमोट वापरायच्या, कधी बॉक्सचा. बॉक्सच्या रिमोटने बॉक्स झोपतो, टीव्ही जागाच राहतो. मग 'नो सिग्नल' येतं. "अगं, ते निळं आलंय बघ परत," ही हाक तिथून सुरू व्हायची. दुसरी जागा, आवाज. बॉक्सचा आवाज वेगळा, टीव्हीचा वेगळा, साउंडबारचा वेगळा. बॉक्सचा आवाज कुणीतरी दहावर आणून ठेवला असेल, तर साउंडबार कितीही वाढवा, बोलणं पुसटच ऐकू येतं. तिसरी जागा, सोर्स, म्हणजे टीव्हीने कोणत्या उपकरणाचं चित्र दाखवायचं ते. नात फोनवरून काही लावते आणि टीव्ही आपोआप स्टिकच्या इनपुटवर उडी मारतो. परत बॉक्सवर यायचं तर सोर्सची यादी उघडा, बाणाने खाली जा, ओके दाबा. त्या यादीतली अक्षरं आईंना दिसतच नाहीत.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला आहे आणि नोकरी मोजमापाच्या उपकरणांच्या कॅलिब्रेशनमध्ये. त्या सवयीमुळे असेल, पण मला वाटतं की रिमोट विकत घेणं ही या कामातली शेवटची पायरी आहे. आधी मागची जोडणी सुधारायची.

चित्र आणि आवाज एकाच वायरीतून नेणाऱ्या जोडणीला एचडीएमआय म्हणतात. साउंडबार टीव्हीच्या 'एआरसी' लिहिलेल्या एचडीएमआय खाचेत जोडला. 2009 साली आलेल्या एचडीएमआय 1.4 पासून ही सोय आहे: त्याच वायरीतून आवाज टीव्हीकडून साउंडबारकडे उलटा जातो. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन सीईसी चालू केलं. एचडीएमआयच्या एकोणीस पिनांपैकी तेरावी पिन याच कामाची आहे, तिच्यावरून उपकरणं एकमेकांना निरोप देतात. हे नाव सेटिंगमध्ये शोधून सापडेलच असं नाही, कारण प्रत्येक कंपनीने आपलं बारसं केलंय. सॅमसंगमध्ये 'एनीनेट प्लस', एलजीमध्ये 'सिंपलिंक', सोनीमध्ये 'ब्राव्हिया सिंक'. ते चालू केल्यावर टीव्ही लागला की साउंडबार लागतो, टीव्ही मिटला की साउंडबार मिटतो.

आमचा डीटीएच बॉक्स मात्र या निरोपांना दाद देत नाही. त्याच्यापुरता मी निर्णय घेतला की तो बंदच करायचा नाही. त्याच्या सेटिंगमधला काही तासांनी आपोआप झोपण्याचा पर्याय काढून टाकला, आवाज शेवटपर्यंत वाढवून ठेवला आणि त्याचा रिमोट टीपॉयवरून उचलला. विजेचा प्रश्न नवऱ्याने लगेच काढला. दहा वॅटचं उपकरण चोवीस तास चाललं तर महिन्याला साधारण सात युनिट होतात. एरवीही बॉक्स स्टँडबायवर ठेवला तर बराचसा विद्युतपुरवठा खातच असतो. रात्री झोपताना भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद केलं की तेही वाचतं. टीव्ही, बॉक्स आणि साउंडबार एकाच बोर्डावर आहेत आणि ते बटण सकाळी आई स्वतःच लावतात. वीज आली की आमचा बॉक्स आधीच्या चॅनेलवर आपोआप सुरू होतो. तुमचा तसा होतो का, ते आधी बघून घ्या.

यात खरी मेख अशी: बहुतेक रिमोटवरचं पॉवर बटण 'चालू कर' किंवा 'बंद कर' असं काही सांगत नाही. ते 'आहेस त्याच्या उलट हो' एवढंच सांगतं. दोन उपकरणांना एकाच वेळी हा हुकूम सोडला आणि त्यातलं एक आधीच चालू असलं, तर एक लागतं आणि दुसरं मिटतं. एका बटणात सगळं कोंबणारे महागडे रिमोट इथेच गोत्यात येत. लॉजिटेकचे 'हार्मनी' रिमोट कोणतं उपकरण चालू आहे याची नोंद स्वतःकडे ठेवायचे आणि गडबड झाली की मदतीच्या बटणाने एकेक प्रश्न विचारून ती निस्तरायचे. चांगली कल्पना होती, पण कंपनीने 2021 मध्ये ते बनवणं थांबवलं. आमच्याकडे आता रिमोटने चालू-बंद करायचं उपकरण एकच उरलं, टीव्ही. उलट होण्याचा घोळच संपला.

एवढं झाल्यावर मग रिमोट. बाजारात दोन जाती मिळतात. एकीत कंपन्यांचे कोड आधीच भरलेले असतात, सोबतच्या कागदावरून आकडा टाकायचा किंवा टीव्ही मिटेपर्यंत बटण दाबून धरायचं. दुसरी जात शिकणारी, म्हणजे मूळ रिमोटचा इशारा बघून तोच लक्षात ठेवणारी. आमच्यासारख्या सरमिसळ घराला दुसरीच योग्य. डीटीएचच्या बऱ्याच रिमोटवर टीव्हीसाठी शिकणारी तीन-चार बटणं असतात आणि अनेकांचं काम तेवढ्यावर भागेल. आमचं भागलं नाही, कारण त्यावर आवाजाच्या दोन जोड्या होतात, एक बॉक्सची आणि एक टीव्हीची. अंधूक दिसणाऱ्या माणसाला दोन जोड्या देणं म्हणजे मूळ दुखणं तसंच ठेवणं.

म्हणून बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचं काहीही हवं असेल तर तिथेच जायचं, हे डिप्लोमाच्या दिवसांपासून अंगवळणी पडलंय. पासोड्या विठोबाला नमस्कार करून गल्लीत शिरायचं. रिमोटच्या दुकानात छतापर्यंत रिमोट लटकलेले असतात आणि दुकानदार तुमच्या तुटक्या रिमोटकडे नुसतं बघून त्याचा जुळा काढून देतो. मी मागितला तो पूर्ण शिकणारा, प्रत्येक बटण शिकवता येईल असा, उठावदार रबरी बटणांचा. चारशेच्या आत मिळाला.

शिकवण्याचं काम मन लावून करावं लागतं. रिमोटच्या टोकाशी जो दिवा असतो त्याचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, बहुतेकांत तो 940 नॅनोमीटरचा असतो. फोनचा कॅमेरा समोर धरून बटण दाबलं की तो जांभळट लुकलुकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला तर सेल्फीच्या कॅमेऱ्यात बघा. रिमोट बिघडलाय की टीव्ही, हे ठरवायला याहून सोपी चाचणी नाही. तो दिवा सेकंदाला साधारण अडतीस हजार वेळा उघडझाप करतो आणि त्या उघडझापेचे लांब-आखूड तुकडे म्हणजे हुकूम. खूप प्रचलित असलेल्या एनईसी पद्धतीत आधी नऊ मिलिसेकंदांची लांब हाक, मग साडेचार मिलिसेकंद शांतता, आणि मग बत्तीस बिटांत, म्हणजे शून्य किंवा एक अशा बत्तीस खुणांत, उपकरणाचा पत्ता व हुकूम. शिकणारा रिमोट हे सगळं जसंच्या तसं टिपतो, म्हणून टिपताना आजूबाजूला गोंगाट नको. उन्हातही हाच अदृश्य प्रकाश असतो. मी पडदे ओढून, दोन्ही रिमोट टेबलावर तोंडाला तोंड लावून, मध्ये दोन-तीन बोटांचं अंतर ठेवून, दोन्हींत नवे सेल घालून एकेक बटण शिकवलं. आकडे आणि चॅनेल वर-खाली बॉक्सकडून. आवाजाची बटणं थेट साउंडबारकडून. लाल बटण टीव्हीकडून.

स्टिकचा रिमोट मात्र शिकवता येत नाही. तो स्टिकशी ब्लूटूथने बोलतो आणि स्टिकला हा अदृश्य प्रकाश दिसतच नाही. इथे परत सीईसी कामाला आलं. टीव्हीच्या रिमोटचे बाण आणि ओके टीव्हीकडून स्टिकपर्यंत पोहोचतात. म्हणून टीव्हीचे बाण शिकवले, की नातीचंही काम याच रिमोटवर होतं. बोलून शोधायचं असेल तेव्हा ती तिचा रिमोट काढते, तेवढी मुभा आहे.

आता उरला सोर्स, आणि मला सगळ्यात समाधान दिलं ते या कामाने. टीव्हीच्या मूळ रिमोटवर सोर्सचं बटण असतं, पण 'थेट एचडीएमआय एकवर जा' असं बटण नसतं. टीव्हीला तो हुकूम अनेकदा कळत असतो, फक्त तो देणारं बटण कंपनीने दिलेलं नसतं. माझ्या शाओमीच्या फोनच्या डोक्यावर रिमोटसारखाच दिवा आहे. कोड आकड्यांत लिहून पाठवता येईल असं ॲप घेतलं, आमच्या टीव्हीच्या कंपनीचे हौशी लोकांनी जमवलेले कोड धुंडाळले, त्यातला चालला तो फोनवरून सोडला आणि तो सोडतानाच नव्या रिमोटच्या पिवळ्या बटणाला शिकवला. आता टीव्ही कुठेही भरकटलेला असो, पिवळं बटण दाबलं की बॉक्स समोर. पुन्हा दाबलं तरी तिथेच राहतो. 'उलट हो' आणि 'इथे ये' या दोन हुकमांत किती फरक असतो, ते हे बटण वापरताना कळतं.

एक सूचना शिकवणाऱ्यांसाठी. फिलिप्सच्या जुन्या आरसी-5 पद्धतीत प्रत्येक नव्या दाबाला एक बिट उलटतं, म्हणजे उपकरणाला कळतं की बटण धरून ठेवलेलं नाही, परत दाबलंय. शिकलेल्या रिमोटमध्ये ते बिट गोठून जातं. मग 'दोन-दोन' दाबलं तर उपकरणाला एकच दोन कळू शकतो. आकडे असे खाल्ले जात असतील तर सेलांना दोष देत बसू नका, शिकणाऱ्याऐवजी भरलेल्या कोडांचा रिमोट घ्या.

रिमोटच्या अंगावरही थोडं काम केलं. लाल, पिवळ्या आणि आवाज वाढवायच्या बटणावर नेलपॉलिशचे जाड थेंब दिले, सुकल्यावर ते बोटाला लागतात. आईंना लागत नाहीत ती बटणं शिकवलीच नाहीत, त्यामुळे चुकून दाबली तरी काही होत नाही. हे फार मोलाचं आहे. वयस्कर माणूस रिमोटला घाबरतो ते 'काहीतरी बिघडेल' म्हणून. ज्या रिमोटने काही बिघडवताच येत नाही, तो अशी माणसं निर्धास्तपणे हातात घेतात.

याच कारणासाठी काचेच्या पडद्याचे रिमोट आणि फोनवरची रिमोटची ॲप्स मला ज्येष्ठांच्या हातात नको वाटतात. बोटाला उंचवटा लागत नाही, म्हणजे प्रत्येक वेळी चष्मा शोधा आणि खाली बघा. अमेरिकेत झेनिथ कंपनीने 1956 मध्ये 'स्पेस कमांड' रिमोट आणला. आत ॲल्युमिनियमच्या कांड्या, बटण दाबलं की छोटी हातोडी कांडीवर आपटणार आणि कानाला न ऐकू येणारा नाद टीव्ही ओळखणार. सेल लागतच नसत. त्याच्या गाजलेल्या नमुन्यावर बटणं फक्त चार होती. ॲपलचे स्टीव्ह वॉझनियॅक यांनी कंपनी सोडल्यावर 1987 मध्ये 'कोर' नावाचा शिकणारा रिमोट बाजारात आणला, त्याला संगणकासारखा प्रोग्रॅम लिहावा लागे. तंत्र म्हणून मला वॉझनियॅक यांचं काम थोर वाटतं, पण आईंसाठी रिमोट निवडायचा तर मी झेनिथच्या बाजूची आहे.

आई आता दुपारी कीर्तन स्वतः लावतात. परवा शेजारच्या काकू आल्या होत्या, त्यांच्यासमोर आईंनी पिवळं बटण दाबून दाखवलं आणि म्हणाल्या, "बघा, आता मला कुणाची वाट बघावी लागत नाही." काकूंच्या घरचं काम या रविवारी आहे. त्यांच्याकडे केबलचा बॉक्स आहे आणि साउंडबार नाही, म्हणजे सोपं जाईल.

मूळ रिमोट टाकून देऊ नका. नवा रिमोट पडून फुटला तर परत शिकवायला तेच लागतील. फक्त कपाटात ठेवताना त्यांचे सेल काढून ठेवा, नाहीतर ते आत फुटून पत्र्या खातात. आणि कोणत्या बटणाला काय शिकवलंय, ते एका कागदावर लिहून त्याच पिशवीत घाला.