सीबॅमचा तक्ता आणि वायरचा आकडा: माझा अनुभव

अंबड एमआयडीसीत आमचा बोल्टचा कारखाना आहे. सप्टेंबर 2024 मध्ये जर्मनीच्या गिऱ्हाइकाची मेल आली: तुमच्या मालामागे किती कार्बन डायऑक्साइड निघतो, ते तक्त्यात भरून द्या. युरोपियन युनियनचा सीबॅम, म्हणजे आयात मालामागच्या कार्बन उत्सर्जनाचा हिशेब मागणारा नियम, 1 ऑक्टोबर 2023 ला सुरू झाला, तेव्हा युरोपियन आयोगाने ठरवून दिलेले आकडे चालत. ती सूट 31 जुलै 2024 ला संपली होती.

आमच्या आवारातला हिशेब दोन दिवसांत झाला. भट्टीच्या एलपीजीची बिलं काढली (1 टन गॅस जळला की जवळजवळ 3 टन कार्बन डायऑक्साइड), वीजबिलातली युनिटं मांडली.

गाडं अडलं वायरवर, म्हणजे ज्या पोलादी तारेपासून आम्ही बोल्ट करतो तिच्यावर. बोल्टच्या उत्सर्जनाचा मोठा भाग पोलाद बनतानाच झालेला असतो. ब्लास्ट फर्नेसमध्ये खनिजापासून केलेलं पोलाद आणि भंगार वितळवून केलेलं पोलाद यांच्या आकड्यांत फार अंतर. तेव्हाच्या नियमाप्रमाणे अंदाजे आकड्यांवर एकूण उत्सर्जनाच्या फक्त 20 टक्क्यांपर्यंत भागवता येत होतं, आणि वायरचा वाटा त्याच्या कितीतरी पुढे. म्हणजे वायरचं पोलाद बनवणाऱ्या गिरणीचाच आकडा हवा होता.

व्यापारी म्हणाले, "मॅडम, कार्बन टीसीवर लिहिलाय की!" टीसी म्हणजे मालासोबत येणारं टेस्ट सर्टिफिकेट; त्यावर असतो तो पोलादात मिसळलेल्या कार्बनचा टक्का. मला धुराड्यातून बाहेर गेलेला हवा होता. मग गिरणीचं विक्री कार्यालय. चार आठवडे रोज फोन. कधी साहेब दौऱ्यावर, कधी "वरून परवानगी नाही". गिरणी स्वतः युरोपला माल पाठवते, आकडा त्यांच्याकडे तयार असणारच, याचा राग मला अजून येतो. गिऱ्हाइकाला अहवाल 31 ऑक्टोबरपर्यंत भरायचा होता.

शेवटी विक्रीवाल्यांचा नाद सोडला. टीसीवर सही असलेल्या गुणवत्ता विभागाला थेट लिहिलं, सगळ्या कॉइलचे (वायरच्या गुंडाळ्यांचे) हीट नंबर, म्हणजे पोलाद कुठल्या वितळणीतलं ते सांगणारे क्रमांक, दिले आणि भरायच्या तेवढ्याच ओळी पाठवल्या. चार दिवसांत उत्तर आलं! तुम्हीही सुरुवात तिथूनच करा.

आणखी एक, 1 टन बोल्टला 1 टनाहून जास्त वायर लागते. कापात गेलेलीही धरा. दोन गिरण्यांच्या कॉइल असतील तर हीटप्रमाणे वेगळी नोंद आधीपासून ठेवा, मागाहून जुळवताना माझे तीन दिवस गेले.

तक्ता 24 तारखेला रात्री गेला. आता आमच्या प्रत्येक पर्चेस ऑर्डरवर छापलेलं असतं: टीसीसोबत उत्सर्जनाचा आकडा न आल्यास कॉइल उतरवून घेतली जाणार नाही.