न उघडलेले मेल

तेविसाव्या वर्षी मला पहिलं क्रेडिट कार्ड मिळालं आणि सव्विसाव्या वर्षी माझ्या डोक्यावर चार पगारांएवढं कर्ज होतं. एवढं काय घेतलं होतं ते आज नीट आठवतही नाही, एक फोन, एक ट्रिप, बाकी सगळं किरकोळ, पगार संपला की कार्ड पुढे करायचं एवढंच. पण मला आज कर्ज कसं झालं ते नाही सांगायचंय, मधल्या दीड वर्षाबद्दल लिहायचंय, ज्यात मी स्टेटमेंटचा एकही मेल उघडला नाही. मेल आला की पोटात गोळा यायचा, मी तो तसाच दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकायचे, ॲपवर जाऊन 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली कमीत कमी भरावीच लागणारी रक्कम, तेवढी भरायचे आणि मनाला समजवायचे की भरतेय ना मी, बुडवत तर नाहीये.

त्या मिनिमम ड्यूचं गणित मला तेव्हा कोणी करून दाखवलं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून इथे करते. समजा १०० रुपये बाकी आहेत, व्याज महिन्याला ३ टक्के आणि दरमहा बाकी रकमेच्या ५ टक्के भरायचेत. कार्ड अजिबात न वापरता वर्षभर हे इमानदारीत केलं तर तुमच्या खिशातून साधारण ५५ जातात आणि बाकी उरते ७७. म्हणजे ५५ भरून कर्ज उतरलं फक्त २३. निम्मं व्हायलाच अडीच वर्षांच्या वर लागतात. शिवाय पूर्ण बिल भरलं नाही की बहुतेक कार्डांवर बिनव्याजी दिवस मिळणं बंद होतं, नवीन काही घेतलं की त्याच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज. मी तर कार्ड वापरतच होते, त्यामुळे माझी बाकी कमी व्हायच्या ऐवजी वाढत होती आणि मला ते माहीतच नव्हतं कारण मी बघतच नव्हते.

शेवटी ताईला सांगितलं. सांगायच्या आधी दोन रात्री झोप नाही, ती काय म्हणेल, घरी कळेल, सगळं मनात रंगवून झालं होतं. ती फक्त एवढंच म्हणाली, "आकडा किती आहे?" आणि मला आकडा सांगता आला नाही!! मग आम्ही दोघी बसलो आणि एकेक मेल उघडत गेलो, एका वहीत लिहीत गेलो. आकडा मला वाटत होता त्याहून मोठा निघाला. तरी त्या रात्री मी कित्येक महिन्यांनी गाढ झोपले. ही गोष्ट मला अजूनही शब्दांत नीट पकडता येत नाही, पण न बघितलेल्या आकड्याला शेवट नसतो आणि वहीतल्या आकड्याला असतो, त्यातून भागाकार करता येतो, किती महिने लागतील ते कळतं.

पुढचं काम कंटाळवाणं होतं, पटकन सांगते. कार्ड ताईकडे दिलं. बँकेला फोन करून उरलेली बाकी कमी व्याजाच्या हप्त्यांमध्ये करून घेतली (हे विचारता येतं हेच मला माहीत नव्हतं, विचारा!). एक छोटं ॲपवरचं लोनही होतं, हिशोबाने जास्त व्याजाचं कर्ज आधी फेडावं, पण मी ते छोटं आधी संपवलं, कारण मला एक तरी ओळ वहीतून खोडायची होती. आणि कर्ज फेडतानाच दरमहा थोडेसे पैसे बाजूला ठेवले, नाहीतर अचानक खर्च आला की परत कार्डच.

सातव्या महिन्यात घसरले. ताईकडून कार्ड खोटं कारण सांगून घेतलं आणि नको ती खरेदी केली. आणि खरं सांगते, पहिला विचार हाच आला की झालं, आपण अशाच आहोत, आता वही बंद करू. नंतर कधीतरी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या संशोधकांचा २०१० सालचा एक अभ्यास वाचनात आला, त्यांनी ९६ लोकांना नवीन सवय लावायला सांगितली होती, सवय अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस लागतील तर कोणाला २५४ असा अंदाज निघाला, आणि मधे एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नव्हता. मला हे तेव्हा माहीत नव्हतं, मी फक्त तीन दिवसांनी ताईला खरं सांगितलं आणि ती खरेदीही वहीत लिहिली. लाल पेनने नाही, तशीच, बाकीच्यांसारखी.

लपवणं फक्त पैशांचं नव्हतं हे मात्र वही संपत आल्यावर कळलं. जो कोर्स मला पहिल्या सहा महिन्यांतच नको झाला होता तो मी "आता इतकं केलंय तर" म्हणत तीन वर्षं ओढला. कोर्स सोडला काय नि ओढला काय, गेलेली वर्षं तर गेलेलीच होती, प्रश्न पुढच्या वर्षांचा होता आणि तो मी स्वतःला विचारलाच नाही. तो कोर्स सोडून दुसरं शिकायला घेतलं तेव्हा मी अठ्ठावीसची होते, वर्गात सगळ्यात मोठी, पहिला महिना जड गेला, मग नाही गेला.

आणि एक मैत्रीण होती. तिच्या वाईट काळात मी तिचे फोन उचलले नाहीत, आधी माझ्याच टेन्शनमुळे आणि मग इतके दिवस उचलला नाही तर आता काय बोलू म्हणून. तिचे मेसेजही त्या मेलसारखेच न उघडलेले पडून होते. चार वर्षांनी मी ते सगळे वाचले, एका बैठकीत, आणि तिला लिहिलं. कारणं लिहिली होती ती खोडली, फक्त मी काय केलं ते ठेवलं आणि उत्तर नाही दिलंस तरी चालेल असं लिहिलं.

आठ दिवसांनी उत्तर आलं. "वाचलं. बरं वाटलं तू लिहिलंस. पण मला आता परत बोलायचं नाहीये."

मी खूप रडले. मग "ठीक आहे, काळजी घे" एवढंच पाठवलं, आणि त्यानंतर तिला मेसेज केला नाहीये.