अन्नब्रह्माच्या गावी

मुंबईत वाढलेल्या माणसाच्या पोटात उडुपी फार लवकर जाऊन बसतं; नकाशावर ते सापडायला बराच वेळ जातो. कॉलेजात खिशात पैसे कमी आणि गप्पा फार, अशा दिवसांत आम्ही उडप्याकडे पडीक असायचो. गल्ल्यावर गंध लावलेले अण्णा, त्यांच्या डोक्यावर हार घातलेला कृष्णाचा फोटो, आणि दोन इडल्यांवर कितीही वेळा सांबार मागितलं तरी न कुरकुरता आणून ओतणारा पोऱ्या. माटुंग्याला स्टेशनसमोर रामा नायकांचं ‘उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग’ तर १९४२ पासून लोकांना पोटभर वाढतंय. पाटीवरच कृष्ण, पण तो कुठला, हा प्रश्न रस्सम ओरपताना कुणाला पडतो?

कर्नाटकात एक वाटणी ऐकवतात. तिरुपतीचा वेंकटेश कांचनब्रह्म, पंढरीचा विठ्ठल नादब्रह्म आणि उडुपीचा कृष्ण अन्नब्रह्म. मावशीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे सोनं त्यांना, जेवण यांना आणि आपल्याला नुसता आवाज!” पण दुसऱ्याच दिवशी तिने मत्स्यगंधा एक्स्प्रेसचं तिकीट काढायला सांगितलं. जेवणाचं प्रकरण ती कधी दुसऱ्याच्या सांगण्यावर सोडत नाही.

उडुपीत देवळाला श्रीकृष्ण मठच म्हणतात. त्याच्याभोवतीचा रथ फिरण्याचा रस्ता म्हणजे रथबीदी. तिच्या कडेने आठ मठ: पालिमारू, अदमारू, कृष्णापूर, पुत्तिगे, शिरूर, सोदे, काणियूर आणि पेजावर. तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी कृष्णाची स्थापना केली आणि पूजेसाठी आठ शिष्यांना संन्यास दिला, त्यांचे हे मठ. कृष्णाच्या आधीपासून इथे नांदणारी दोन देवळं तिथेच आहेत, चंद्रमौळीश्वर आणि अनंतेश्वर. रीत अशी की आधी त्या दोघांना भेटायचं, मग कृष्णाकडे जायचं. मावशीला हे फार आवडलं. घरात शिरल्यावर आधी थोरल्यांच्या पाया पडावं, हे ती आम्हाला लहानपणापासून सांगत आलीय. आम्ही सरळ स्वयंपाकघर गाठायचो.

आत जाताना पुरुषांनी शर्ट-बनियन काढायचं. रांगेत उघड्या अंगाने उभं राहिलं की कुणाचा हुद्दा काय ते कळत नाही, वजन तेवढं कळतं. सगळेच जण आपापली पोटं आत ओढून भक्तिभावाने उभे होते. माझं पोट फार वेळ आत राहिलं नाही.

मूर्तीची कथा मात्र मोठी गोड आहे. कृष्णाचं बाळपण गोकुळात गेलं, देवकीला त्याच्या खोड्या बघायला मिळाल्याच नाहीत. ती एकदा द्वारकेत हळहळली, तेव्हा एवढा मोठा राजा झालेला मुलगा तिच्यासाठी पुन्हा रांगता झाला, ताक घुसळताना हातातली रवी आणि दोरी ओढून घेऊन त्याने सगळा पसारा करून ठेवला. रुक्मिणीने हे पाहिलं आणि तशीच मूर्ती हवी म्हणून हट्ट धरला. विश्वकर्म्याने ती घडवली. म्हणून उडुपीच्या कृष्णाच्या हातात बासरी नाही. एका हातात रवी, दुसऱ्या हातात दोरी. पुढे ही मूर्ती गोपीचंदनाच्या ढेकळात गडप झाली आणि ते ढेकूळ भार म्हणून एका गलबतात चढलं. उडुपीजवळच्या मलप्याच्या किनाऱ्याशी गलबत वादळात सापडलं, मध्वाचार्यांनी किनाऱ्यावरून छाटी हलवून त्याला वाट दाखवली, नाखवा म्हणाला हवं ते मागा, आणि आचार्यांनी मागितलं गोपीचंदन. वारकऱ्याच्या कपाळावर असतं, तेच. नाखव्याला वाटलं असेल, साधा माणूस आहे, स्वस्तात सुटलो.

दर्शन थेट नाही. चांदीने मढवलेली एक खिडकी आहे, तिला नऊ भोकं, म्हणून नवग्रह किंडी. त्या भोकांतून आत बघायचं. पंढरपूरला विठ्ठलाच्या पायावर डोकं टेकवायची सवय असलेल्या माणसाला इथे चुकल्याचुकल्यासारखं होतं. मागून रेटा येत असतो, डोळा एका भोकाला लावला की नाक दुसऱ्याला अडतं. आत समयांचा उजेड, फुलांची रास, सोन्याची चमक, आणि या सगळ्याच्या मधे काळा, अगदी लहानसा तो. रोज वेगवेगळा साज चढवतात. मला रवी काही दिसली नाही, दोरीही नाही. मावशी म्हणाली, तिला दिसली. मी वाद घातला नाही.

मठाच्या पश्चिमेच्या भिंतीला आणखी एक खिडकी आहे, आणि सगळेजण आत जायच्या आधी तिथून डोकावतात. ती कनकन किंडी. सोळाव्या शतकातले संतकवी कनकदास धनगर समाजातले, म्हणून त्यांना आत घेतलं नाही. ते मागच्या बाजूला उभे राहून गात राहिले. भिंतीला भेग पडली, पूर्वेकडे तोंड असलेला कृष्ण पश्चिमेकडे वळला आणि त्या भेगेतून त्यांना दर्शन झालं. आजही तो पश्चिमेकडेच बघतो. मराठी माणसाला ही गोष्ट ऐकताना औंढा नागनाथ आठवल्याशिवाय राहत नाही. तिथेही नामदेवांना कीर्तन करायला देवळाच्या मागे पाठवलं आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, म्हणून नंदी मागे राहिला असं सांगतात. हिंगोली जिल्ह्यातलं ते देऊळ आणि उडुपीचा हा मठ, मधे एवढं अंतर, पण देवाची वागणूक तीच.

गोष्ट सुंदर आहे, पण ऐकून मला थोडा रागही येतो. दोन्हीकडे वळला तो देव. माणसांनी काय केलं? भेग पडली तिची खिडकी केली, खिडकीला कनकदासांचं नाव दिलं, पण त्यांना आत या असं काही कुणी म्हटल्याचं कथेत नाही. आमच्याकडे चोखोबांची समाधी महाद्वाराशी, पायरीजवळ. पंढरीचं दार दलितांसाठी उघडावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. तिथे विठ्ठल कुणीकडे वळला नाही. माणसांना वळवायचं होतं, आणि ते काम जास्त अवघड. आज उडुपीचं दार सगळ्यांना उघडं आहे हे खरं. पण जेवणाच्या वेगळ्या पंगतीवरून इथे अगदी अलीकडेही वाद झाले, आंदोलनं झाली. भिंतीपेक्षा पंगत फोडायला जड जाते.

आणि पंगत हेच तर या मठाचं काळीज. मठाच्या तळ्याजवळ, म्हणजे मध्वसरोवराजवळ, सरपणाची एक प्रचंड रास दिसते, रथाच्या आकारात रचलेली. लाकडाचा एकेक ओंडका असा बसवलाय की लांबून कोरीवकाम वाटावं. जवळ गेलो तर साल सुटलेली, भेगा पडलेली साधी जळाऊ लाकडं. एका फटीत मांजर झोपलेलं. हे सगळं चुलीत जायचं. दर दोन वर्षांनी आठातल्या एका मठाकडून दुसऱ्याकडे पूजेचा कारभार जातो, त्याला पर्याय म्हणतात. आधी ही पाळी दोन-दोन महिन्यांची होती, सोदे मठाच्या वादिराजस्वामींनी सोळाव्या शतकात ती दोन वर्षांची केली. तयारी आधीच्या वर्षापासून सुरू होते आणि तिची नावंच बघा: बाळे मुहूर्त म्हणजे केळी लावायच्या, अक्की मुहूर्त म्हणजे तांदूळ भरायचे, कट्टिगे मुहूर्त म्हणजे सरपण रचायचं, भत्त मुहूर्त म्हणजे साळीची पोती. लग्नघरच ते, फक्त जेवणावळ दोन वर्षं उठत नाही. आणि १८ जानेवारीच्या पहाटे जुने स्वामी नव्या स्वामींच्या हाती गाभाऱ्याची किल्ली देतात, त्याबरोबर अक्षयपात्र आणि सट्टुग. सट्टुग म्हणजे पळी. सत्तांतरात पळी देणारं दुसरं पीठ मला तरी ठाऊक नाही.

दुपारी आम्ही जेवायला बसलो. जमिनीवर मांडी घालून, शेजारी कोण कुठला ते ठाऊक नाही. वाढपी बादली घेऊन जवळजवळ धावतच येतो. भात, त्यावर सारू म्हणजे रस्सम, मग पुन्हा भात, त्यावर हुळी म्हणजे सांबार, मग पायसा म्हणजे खीर, मग ताक. कांदा-लसूण नाही आणि त्याची आठवणही होत नाही. ‘साकु’, म्हणजे ‘पुरे’, म्हणता आलं पाहिजे, नाहीतर भाताचा डोंगर थांबत नाही. मावशीने ‘साकु’ शिकून घेतलं आणि पायसाच्या वेळी सोयीस्करपणे विसरली. पायसाची बादली पुन्हा येईल का, हे तिने मला विचारलं, मी हिंदीत विचारलं, वाढप्याने तुळूत काहीतरी उत्तर दिलं आणि बादली आली.

जेवताना माझ्या डोक्यात मुंबईची हॉटेलं घोळत होती. या गावातली आणि आसपासची पोरं पोटापाण्यासाठी मुंबईला गेली. कुणी भांडी घासली, कुणी पीठ वाटलं, त्यातल्या काहींनी पुढे स्वतःचा गल्ला टाकला. साठच्या दशकाच्या शेवटी ‘लुंगी हटाव’च्या दिवसांत याच हॉटेलांवर दगडही पडले; सांबार मात्र दोन्ही बाजूंनी खाल्लं. त्या हॉटेलातल्या संगमरवरी टेबलावर, गर्दी असली की, पोऱ्या कुणालाही कुणाच्याही समोर बसवतो. गिरणीतला कामगार, बँकेतला कारकून, भटजी, टॅक्सीवाला. ‘शेअर करो’ एवढंच म्हणतो. कृष्णाच्या फोटोखाली हे इतकी वर्षं बिनबोभाट चाललंय, त्याला कुणी चमत्कार म्हणत नाही. मला विचाराल तर कनकन किंडीच्या शेजारी या टेबलांचीही एक कथा सांगायला हरकत नाही.

संध्याकाळी बाजारात मावशीला मट्टू गुळ्ळ दिसलं. मट्टू गावचं हे हिरवट, गोल वांगं; बी वादिराजांनी दिलं अशी श्रद्धा आहे आणि २०११ मध्ये त्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं. भाजीवालीने निम्म्या कोकणीत, निम्म्या खुणांनी समजावलं की सांबारात घाल, भरलं वांगं करू नकोस. मावशीने मान डोलावली आणि मला हळूच म्हणाली, “भरलीच करणार.” मग तिने पुढच्या पर्यायाची चौकशी केली. १८ जानेवारी २०२८, पाळी सोदे मठाची, म्हणजे वादिराजांच्याच मठाची. त्या दिवशी गुळ्ळाचं सांबार असणारच, असा तिने हिशेब लावला आणि गाडीत बसायच्या आधी मला दोन तिकिटं धरून ठेवायला सांगितलं, रेल्वे इतक्या आधी आरक्षण देत नाही हे सांगूनही.