१५ आणि १७: मियाटाच्या दिव्यामागे दोन शनिवार

मागच्या नोंदीत माझ्या मियाटाच्या (माझदाची दोन सीटची, छत उघडणारी छोटी गाडी) छताची मागची प्लॅस्टिकची खिडकी बसवून झाली होती, आणि आता उन्हाळाभर फक्त गाडी चालवायची असं मी जाहीर केलं होतं. चार दिवस चालवली. पाचव्या दिवशी सिग्नल सुटला, ॲक्सिलरेटर दाबला, गाडीने दोन गचके मारले आणि मीटरमध्ये इंजिनचा पिवळा दिवा लागला. आयडलिंग मात्र ठीकठाक.

नव्या मंडळींसाठी: अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना स्कॅनर लावता येतो. माझी १९९१ ची, १.६ लिटरची. हिला स्कॅनर नाही, तारेचा तुकडा लागतो. बोनेटखाली डाव्या बाजूला डायग्नोसिस लिहिलेली काळी डबी असते, तिच्या झाकणाच्या आत सगळ्या खाचांची नावं छापलेली असतात. टीईएन आणि जीएनडी तारेने जोडायचे, चावी ऑन करायची, इंजिन सुरू करायचं नाही, आणि दिव्याचे लुकलुकाट मोजायचे. लांब म्हणजे दशक, आखूड म्हणजे एकक. अगदी पहिलीच्या गणितासारखं.

मी घाईत तार एफपी (फ्युएल पंप) खाचेत घातली आणि मागून पेट्रोल पंप गुणगुणायला लागला. असो, पंप चालतोय हे फुकटात कळलं.

दुसऱ्या खेपेला एक लांब, पाच आखूड. मग एक लांब, सात आखूड. १५ आणि १७. बिघाडाच्या कोडच्या यादीत १५ म्हणजे ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा), १७ म्हणजे फीडबॅक, म्हणजे त्या सेन्सरवरून पेट्रोल कमी-जास्त करणं. यादी वाचली की हात आपोआप नव्या सेन्सरच्या ऑर्डरकडे जातो. माझाही गेला होता. पण गेल्या वर्षी असाच कोड वाचून आणलेला एक पार्ट अजून गॅरेजच्या फळीवर माझ्याकडे बघत बसलाय, म्हणून थांबलो. नीट पाहिलं तर १५ चा अर्थ इतकाच की सेन्सरचं व्होल्टेज खालीच राहतंय, आणि १७ चा की ते हलत नाही. का, ते ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) माहीत नसतं.

या गाडीचा सेन्सर एका वायरचा, आत हीटर नाही. तो एक्झॉस्टच्या उष्णतेवरच जागा होतो, म्हणून आधी वीस मिनिटं गाडी फिरवून आणली. मग त्या वायरवर मीटर लावला आणि २५०० आरपीएमला रेस धरायला बायकोला बसवलं. काटा ०.१ व्होल्टवर चिकटलेला. निरोगी गाडीत तो ०.१ ते ०.९ च्या मध्ये सारखा झोके घेतो.

आता महत्त्वाची चाचणी. एअर फिल्टरच्या तोंडाशी न पेटवलेल्या टॉर्चमधला प्रोपेन अगदी थोडा सोडला. (दार उघडं, अग्निशामक हाताशी, सिगारेटवाला शेजारी लांब.) काटा टुणकन ०.८५ वर! म्हणजे सेन्सर जिवंत होता आणि खरं तेच सांगत होता: मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त.

रात्री पुण्याला फोन केला. बाबांनी बरीच वर्षं पद्मिनी चालवलेली. "चोक अडकला असेल." म्हटलं, हिला कार्ब्युरेटरच नाही. "मग कुठूनतरी हवा घेतेय रे ती." हे मात्र बरोबर.

१.६ च्या एअरफ्लो मीटरमध्ये एक झडप असते. आत जाणारी हवा तिला ढकलते, ती किती ढकलली गेली त्यावरून ईसीयू पेट्रोल ठरवतो. झडपेच्या पुढे, इंजिनच्या बाजूला, कुठे भोक पडलं तर तिथून शिरलेली हवा हिशेबात येतच नाही. ईसीयू पेट्रोल वाढवून सावरायला बघतो, पण त्यालाही मर्यादा असते. ती संपली की दिवा.

पुढचा शनिवार. रेडिएटरच्या मागून थ्रॉटलकडे आडवा जाणारा रबरी पाइप वरून चकचकीत होता. काढून हाताने वाकवला तेव्हा खालच्या बाजूच्या एका घडीत बोटभर लांब चीर उघडली. गाडीत बसवलेला असताना ती दिसणं शक्यच नव्हतं. जोर दिला की इंजिन माउंटवर कलतं, चीर आणखी फाकते, म्हणून गचके ॲक्सिलरेटर दाबल्यावरच.

नवा पाइप येईपर्यंत सिलिकॉन टेपचे चार वेढे दिले. कोड पुसायला डिकीतल्या बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि ब्रेकचं पॅडल वीसेक सेकंद दाबून ठेवलं. चाळीस मैल फिरवली. काटा झोके घेतोय, दिवा गप्प, पुन्हा तार जोडली तर एकही लुकलुकाट नाही.

पण बोनेट उघडं होतं तेव्हा आणखी एक दिसलं. इंजिनच्या मागे, फायरवॉललगतच्या कॅम अँगल सेन्सरखाली ऑइलचा ओघळ. आतली ओ-रिंग (गळती अडवणारी रबरी रिंग) कडक झाली असणार. बोल्ट एकच, १२ चा पाना, पण हात घालायला जागा मांजरापुरती. सेन्सर जरा फिरला तरी टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) हलतं, म्हणून जागेवर पांढऱ्या रंगाची खूण करून ठेवलीय. काम झाल्यावर परत टीईएन-जीएनडी जोडून टायमिंग लाइटने १० अंश बघायचे आहेत. ओ-रिंग मंगळवारी येतेय.