रिजनल्सच्या आधीचा अपडेट: पाचपैकी तीन जणी खाली पोचल्या पाहिजेत

मंडळी, बरेच दिवस काही लिहिलं नाही कारण जानेवारी व्हॅन, वॅक्स आणि असाइनमेंट यातच संपला, आता रिजनल्स तोंडावर आल्यात तर साचलेलं सगळं एकदम लिहून टाकते. नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात, मी इथे व्हरमाँटमध्ये मास्टर्स करतेय, कॉलेजच्या क्लब स्की टीममध्ये आहे, मुलींमध्ये पाचव्या-सहाव्या नंबरला लोंबकळत असते आणि टीमच्या स्कीज ट्यून करायचं, म्हणजे धार लावून वॅक्स करायचं काम हळूहळू माझ्याच गळ्यात पडलंय (तक्रार नाही, मला आवडतं ते). आम्ही एनसीएए (कॉलेज खेळांची मोठी संघटना) वाले नाही हं, ते वेगळंच प्रकरण, त्यांच्याकडे पगारी कोच, वॅक्सचे लोक, स्कॉलरशिप वगैरे. आमची लीग यूएससीएसए, म्हणजे क्लब टीम्सची, व्हॅन आपणच चालवायची, पैसे आपणच भरायचे, आधी आपल्या कॉन्फरन्सच्या रेस मग रिजनल्स आणि तिथून निघालात तर मार्चमध्ये नॅशनल्स.

तर सध्याची परिस्थिती अशी आहे की आमची टीम वेगात कमी नाही. खरंच नाही. पहिल्या दोघी लहानपणापासून रेस करत आलेल्या, एक न्यू हॅम्पशायरची आणि एक मेनची, दोघी एका रनला जोरात गेल्या की वरच्या टीम्सच्या मुलींच्या बरोबरीने टाईम देतात. पण या सीझनला आमचा निकाल बघाल तर एखाद्या दिवशी एकदम वर आणि पुढच्या दिवशी टीमचा निकालच नाही, कारण खाली पूर्ण झालेल्या तीन जणीच नव्हत्या. हिशोब साधा आहे, पाच जणी उतरतात, दोन्ही रन मिळून ज्यांचा टाईम सगळ्यात कमी अशा तीन जणींची बेरीज धरतात, तोच टीमचा टाईम. म्हणजे दोन जणींना चुकायची मुभा आहे आणि ऐकायला ती भरपूर वाटते, पण स्लॅलमला (जवळजवळ लावलेल्या पोलच्या गेट्समधून नागमोडी उतरायची रेस) दोन रन म्हणजे पाच जणींचे मिळून दहा रन आणि त्यात तीन वेगवेगळ्या जणी पडल्या की खेळ खलास, मग बाकीच्या दोघी कितीही भारी गेलेल्या असोत.

म्हणून फेब्रुवारीपासून आम्ही ट्रेनिंगचा सूरच बदलला. आधी प्रत्येक रन घड्याळावर, कोण कितीने पुढे वगैरे. आता घड्याळ आहेच पण कॅप्टनच्या वहीत वेळेच्या शेजारी अजून एक रकाना आहे, पूर्ण झाला की नाही. आणि गंमत म्हणजे हा रकाना आल्यापासून दोन नंबरवालीचा टाईम फारसा वाढलेलाच नाही, ती फक्त हेअरपिनच्या (उताराच्या दिशेने लागोपाठ लावलेली दोन गेट्स) आधी एक गेट आधीच वळायला लागलीये, बाकी तेच. मला वाटतं आपण ज्याला अटॅक करणं म्हणतो ना त्यातला अर्धा भाग नुसता उशिरा वळण्याचा असतो आणि त्याने वेग येत नाही, नुसता धोका येतो. कोणाला पटणार नाही पण मला आता पटलंय.

आता हाईकबद्दल, म्हणजे चुकलेल्या गेटसाठी परत वर चढण्याबद्दल. हे टीव्हीवर वर्ल्ड कप बघणाऱ्यांना फारसं दिसत नाही कारण तिथे एक गेट चुकलं की सेकंदांनी मागे पडता आणि मग काही उपयोगच नसतो, मान हलवत बाहेर. कॉलेज रेसिंगमध्ये तसं नाही. स्लॅलममध्ये गेट चुकलं तर परत वर चढून ते गेट नीट पार करून पुढे जाता येतं, फक्त मागून येणाऱ्या रेसरच्या वाटेत यायचं नाही. जीएसला (जायंट स्लॅलम, त्यात गेट्स लांब लांब असतात) ही सोय नाही, तिथे पूर्ण थांबलात की संपलं. त्यामुळे स्लॅलमच्या दिवशी कोणी चुकलं की कोर्सच्या कडेला उभी असलेली आख्खी टीम एकच शब्द ओरडते, हाईक हाईक हाईक! कारण पंधरा-वीस सेकंद गेले तरी चालतील पण टाईम हवा, बेरजेला तिसरी हवी.

आणि हे चढणं सोपं नाही बरं का. अंगात घट्ट रेस सूट, पायात दगडासारखे बूट, 155 सेंटीमीटरच्या स्की आणि खाली निव्वळ आइस, त्यावर बाजूने पावलं टाकत किंवा स्कीचे शेपूट जवळ टोकं लांब असं करत वर जायचं, श्वास तोंडात, आणि त्यात हे लक्षात ठेवायचं की दोन्ही स्कीची टोकं आणि दोन्ही पाय गेटच्या रेषेवरून गेले पाहिजेत, नाहीतर चढलात पण फुकट. सिंगल पोल स्लॅलममध्ये तर बाहेरचा पोल बहुतेक गेटना नसतोच त्यामुळे रेषा मनातच काढावी लागते, आपण ज्या पोलभोवती वळतो त्याच्या वरून फिरून आलात की झालं. तर आम्ही आता मुद्दाम हाईकचा सराव करतो. कॅप्टन मध्येच एखाद्या गेटला शिट्टी मारते, ते गेट चुकलं असं धरायचं, थांबायचं, चढायचं, पुन्हा सुरू. पहिल्या दिवशी सगळे हसत होते, टी-बारवरची (वर ओढत नेणारी लिफ्ट) लहान पोरं तर फारच. पण थांबून परत लय पकडणं ही वेगळीच गोष्ट आहे, उभ्या जागेवरून पहिली दोन-तीन गेट्स नुसती स्केटिंग करत ढकलावी लागतात.

मी शाळेत खो-खो खेळायचे, आणि स्लॅलमची लय मला पहिल्यांदा कळली ती चेन आठवूनच, बसलेल्यांच्या मधून नागमोडी काढायची, नजर समोरच्यावर नाही तर त्याच्या पुढच्यावर. अजूनही इन्स्पेक्शनला मी तसंच पाठ करते. इन्स्पेक्शनमध्ये कोर्सच्या कडेने हळूहळू घसरत जायचं असतं, गेटमधून स्की करायची नाही, केलीत तर बाहेर काढतात, तेव्हा तेवढ्यात कुठे हेअरपिन, कुठे तीन-चार पोल सरळ उभे लावलेला फ्लश, कुठे डिले (वळण लांबवणारं गेट) हे डोक्यात बसवायचं. आमच्यातल्या मिनेसोटावालीला हे एका फेरीत पाठ होतं, मला नाही, मी खाली जाऊन डोळे मिटून हात हलवत बसते, लोक बघतात, बघू देत.

ट्यूनिंगकडे येते कारण मागच्या वेळी तिघा-चौघांनी विचारलं होतं. सगळ्यांच्या रेस स्कीजच्या धारेचा (एजचा) कोन आता बेसला, म्हणजे खालच्या बाजूला, अर्धा डिग्री आणि साईडला 3 डिग्री, म्हणजे 90 मधून 3 गेले, 87 चा गाईड. सीझनच्या सुरुवातीला एक-दोघींच्या स्कीजना साईड 2 होती, सेकंडहँड घेतलेल्या होत्या आणि दुकानातून जशा आल्या तशाच वापरत होत्या, व्हरमाँटच्या कडक आइसवर त्या बिचाऱ्या तिसऱ्या गेटपासून घसरायच्या आणि त्यांना वाटायचं आपलं तंत्रच वाईट. साईड 3 केल्यावर पहिल्याच संध्याकाळी फरक. बेस एजला मात्र हात जपून लावा, तो एकदा जास्त घासला गेला की परत आणायचा म्हणजे सगळा बेस मशीनवर ग्राइंड करावा लागतो, साईडचं तसं नाही. माझा क्रम: आधी साईडवॉल (धारेच्या वरची प्लॅस्टिकची कड) थोडी मागे काढायची नाहीतर फाईल प्लॅस्टिकवरच चालते, मग फाईल, मग डायमंड स्टोन जाड ते बारीक, शेवटी रबरी गमी स्टोनने टोकाच्या आणि शेपटीच्या भागातली धार किंचित मारायची. रेसच्या आदल्या रात्री फाईल नाही, फक्त डायमंड. हे मी आता नियम म्हणून पाळते कारण रात्री अकरा वाजता झोपेत फाईल धरणं म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको.

वॅक्स. फ्लोरो (फ्लोरिनवालं) वॅक्स आता विसरा, एफआयएसने (आंतरराष्ट्रीय स्की संघटना) 2023-24 पासून पूर्ण बंदी घातली आणि ते योग्यच झालं, ती पर्यावरणात वर्षानुवर्षं टिकून राहणारी केमिकल्स, शिवाय गरम इस्त्रीखाली त्याचा धूर आपल्याच नाकात. आमच्या कपाटात जुन्या कुणाचे तरी दोन डबे होते, ते आम्ही घातक कचऱ्यात दिले. आता साधं हायड्रोकार्बन, थंडीला कडक, उबेला मऊ. गेल्या पंधरवड्यात सकाळी उणे 18, उणे 20 चालू होतं त्यामुळे कडक वॅक्स, ते खरवडताना हाताचं काय होतं ते बोलू नये. पण खरं सांगू? स्लॅलमला इतक्या छोट्या कोर्सवर वॅक्सने जेवढं मिळतं त्याच्या कितीतरी पट एजने मिळतं, त्यामुळे वेळ कमी असेल तर एज आधी. जीएसला उलट नाही पण वॅक्सची किंमत थोडी वाढते, विशेषतः शेवटच्या सपाट भागात.

बर्फाचं काय चाललंय तर जानेवारीच्या शेवटी नेहमीप्रमाणे थॉ (मधेच येणारी बर्फ वितळवणारी ऊब) आला, दोन दिवस पाऊस, मग रात्रीत पारा खाली आणि सगळा डोंगर काचेसारखा. बाहेरून आलेले लोक याला शिव्या देतात, आम्हाला आवडतं, कारण कडक कोर्सवर शेवटच्या रेसरलाही साधारण तोच कोर्स मिळतो. मऊ असला की विसाव्या रेसरनंतर खड्डे पडतात आणि मग मागच्या नंबरवाल्यांना त्या खोबणीत शिरूनच जावं लागतं. मोठ्या रेसना कोर्स मुद्दाम पाणी मारून गोठवतात तो याचसाठी, आणि मार्चमध्ये ऊन वाढलं की मीठ टाकतात, मीठ थोडा बर्फ वितळवतं, त्यात आजूबाजूची उष्णता खेचली जाते आणि वरचा थर परत कडक होतो, तासभर तरी पुरतो. नॅशनल्सला पोचलो तर मीठ बघायला मिळेल असं म्हणतात, मला भारी उत्सुकता आहे.

जाता जाता एनसीएएबद्दल, कारण कोणीतरी विचारलं होतं की त्यांचंही असंच असतं का. त्यांची चॅम्पियनशिप 1954 पासून आहे, 1983 पासून मुलं-मुली एकत्र एकच ट्रॉफी, आणि त्यात अल्पाइनसोबत (आमच्यासारख्या उतारावरच्या रेस) नॉर्डिक म्हणजे क्रॉस कंट्रीसुद्धा. चॅम्पियनशिपला एका कॉलेजचे जास्तीत जास्त 12 जण, अल्पाइनला तीन मुलं तीन मुली, नॉर्डिकला तसेच. तीन म्हणजे तीनच, त्यांच्याकडे टाकून द्यायला चौथा-पाचवा कोणी नाही, एक पडला की त्याचे गुण शून्य. आपण क्लबवाले निदान पाच तरी नेतो! आणि कॉलेज रेसिंगला जे दुय्यम समजतात त्यांनी पॉला मोल्टझन बघावी, यूएस टीममधून बाहेर पडल्यावर ती आमच्याच राज्यातल्या युनिव्हर्सिटी ऑफ व्हरमाँटकडून रेस करत होती, 2017 ला एनसीएए स्लॅलम जिंकली, परत यूएस टीममध्ये गेली आणि 2025 च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला जीएसमध्ये ब्राँझ.

पूर्ण करण्याचं महत्त्व कोणाला कमी वाटत असेल तर 2022 चं बीजिंग आठवा. अमेरिकेची स्टार स्कीयर मिकेला शिफ्रिन, शिफ्रिनसारखी शिफ्रिन, जीएस आणि स्लॅलम दोन्हीमध्ये बाहेर. आणि आपला गुलमर्गचा आरिफ खान, भारताकडून एकटाच गेलेला, त्या बर्फवृष्टीत जीएसला 45 वा आला, कितीतरी जण खाली पोचलेच नव्हते. स्लॅलमला मात्र तोही पूर्ण करू शकला नाही. आमच्या टीमला मी हे सांगितलं तेव्हा त्यांना भारतात स्की करतात हेच नवीन होतं, मग गुलमर्ग, औलीचे फोटो दाखवण्यात अर्धा प्रवास गेला.

आता उरलाय एकच वाद, क्रमवारीचा. आमच्याकडे टीमने पाच जणींचा क्रम द्यायचा, आधी सगळ्या टीम्सच्या एक नंबरच्या उतरतात, मग दोन नंबरच्या, असं. कॅप्टनचं म्हणणं वेगवान दोघी पुढे, त्यांना स्वच्छ कोर्स मिळू दे. माझं म्हणणं वेगळं आहे. आमची चार नंबरवाली सगळ्यात भरवशाची, तिने या सीझनला एकही रन सोडलेला नाही, पण खड्डे पडलेल्या कोर्सवर तिचा टाईम फार वाढतो. तिला दोन नंबरवर टाका, मेनवालीला चारवर, मेनवाली खड्ड्यांतच वाढलीये, तिला काही होत नाही. यात आपल्या तिसऱ्या टाईमला जे दोन-तीन सेकंद मिळतील ते मेनवालीच्या जाणाऱ्या अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त आहेत. मेनवालीला विचारलं तर ती म्हणाली मला कुठेही टाका. न्यू हॅम्पशायरवाली गप्प आहे, म्हणजे तिला पटलंय असं मी धरते. कॅप्टन म्हणाली जीएसला माझा क्रम, स्लॅलमला तुझा बघू.

पाचवी कोण, मी की मिनेसोटावाली, ते गुरुवारी रात्री लाइट्सखाली दोन रन घेऊन ठरणार आहे, दोन्ही पूर्ण व्हायला हवेत ही अट. शुक्रवारी दुपारी व्हॅन निघेल, बॅगेत वॅक्सची इस्त्री, बूट गरम करायची पिशवी आणि आईने पाठवलेले राजगिऱ्याचे लाडू, जे स्टार्टला खिशात ठेवायला चिक्कीपेक्षा बरे कारण चिक्की उणे 15 ला दात मागते. शनिवारी जीएस, रविवारी स्लॅलम. निकाल लागला की टाइम्स टाकते.