जीप नेमकी कुणाची?

घरासमोर जुनी जीप उभी असते, त्यामुळे येणारा-जाणारा विचारतोच, "जीप तर आपल्या महिंद्राची ना? मग अमेरिकन कशी?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ब्रँड अमेरिकनच. पण गाडी घडवली कुणी असं विचाराल, तर मी विलिस या अमेरिकन मोटार कंपनीचं नाव घेणार नाही.

१९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला आणि अमेरिकी लष्कराला चारही चाकांना जोर देणारी हलकी गाडी तातडीनं हवी झाली. १३५ कंपन्यांना विचारणा गेली. नमुना ४९ दिवसांत द्यायचा होता. बहुतेकांनी कानावर हात ठेवले. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची, डबघाईला आलेली अमेरिकन बँटम मात्र तयार झाली. तिनं डेट्रॉइटहून कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरला बोलावलं आणि त्यानं दोन दिवसांत आराखडे काढले. २३ सप्टेंबरला, मुदत संपायला अर्धा तास उरलेला असताना, गाडी मेरीलँडमधल्या होलाबर्ड छावणीत पोचली. तीही बटलरहून रस्त्यानं चालवत आणलेली!

गाडी पसंत पडली, पण एवढीशी कंपनी हजारोंनी गाड्या कुठून पुरवणार? लष्करानं बँटमचे आराखडे सरळ विलिस-ओव्हरलँड आणि फोर्डच्या हाती दिले. विलिसकडे तिचा इंजिनिअर बार्नी रूस याचं ६० अश्वशक्तीचं इंजिन होतं, त्यापुढे बाकीची दोन फिकी पडली. पत्र्यातून ठोकून काढलेली उभ्या फटींची पुढची जाळी फोर्डची. स्वस्त पडते म्हणून विलिसनंही ती उचलली. म्हणजे जीपचा तो जगप्रसिद्ध चेहराही विलिसचा नाही. युद्ध संपेपर्यंत या दोघांनी सहा लाखांवर गाड्या काढल्या. बँटमला दोन-अडीच हजार गाड्यांचं काम मिळालं, आणि पुढे जीपमागे जोडायचे ट्रेलर.

हे मला अजूनही खुपतं. जीप आपण घडवली, असं विलिस जाहिरातींत सांगायची. १९४८ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं तो दावा करायला मनाई केली. तरी १९५० मध्ये नावाची नोंदणी तिलाच मिळाली. तिचंही श्रेय नाकारत नाही, कारण लढाई संपल्यावर ही गाडी शेतकऱ्याच्या दारात नेली ती तिनंच, १९४५ च्या सीजे-२ए या नागरी जीपमधून. पुढे मालक बदलत राहिले : १९५३ मध्ये कायझर, १९७० मध्ये एएमसी, १९८७ मध्ये क्रायस्लर, आता स्टेलँटिस. शहरी कुटुंबं जीपमध्ये बसू लागली ती १९६३ ची वॅगनीर आणि ८४ ची चेरोकी आल्यावर.

महिंद्रानं चाळीसच्या दशकाच्या अखेरीस विलिसकडून सुटे भाग मागवून मुंबईत जोडणी सुरू केली. रीतसर परवान्यानं, त्यात चोरीमारी काही नव्हती. खटका उडाला तो २०१८ मध्ये महिंद्रानं रॉक्सर ही जीपसारखी दिसणारी गाडी अमेरिकेत विकायला काढल्यावर. चौकोनी बांधा, सपाट बाजू ही आमची ओळख, अशी जीपवाल्यांची तक्रार. २०२० मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला आणि महिंद्राला रॉक्सरचं रूप बदलावं लागलं. कायद्यानं बरोबर असेलही. पण बँटमच्या आराखड्यांवर उभ्या राहिलेल्यांनी नकलेची तक्रार करावी, याचं मला हसू येतं.

तेव्हा जीपची पाटी असलेली गाडी हवी असेल तर कंपास बघा. ती २०१७ पासून पुण्याजवळ रांजणगावला बनते. थार महिंद्राची.