ट्रेलरचं दार अडतं तेव्हा

गाडीमागे ओढायच्या, आत राहायच्या ट्रेलरच्या दारात किल्ली फिरते, पण डेडबोल्ट, म्हणजे कुलपाचा सरकता दांडा, अर्ध्यातच अडतो. कॅम्पग्राउंडवर दिवस मावळताना असं झालं की नवं कुलूप मागवायचाच विचार आधी येतो. शेजारच्या साइटवरचे आजोबा मात्र एवढंच म्हणाले, "आधी मागचे जॅक सैल करून बघ."

आणि बोल्ट सरकन बसला!

कोपऱ्यातले स्टॅबिलायझर जॅक ट्रेलर डुलू नये म्हणून असतात, उचलायला नाहीत. जास्त आवळले की सांगाडा किंचित पिळतो, दाराची चौकट तिरकी होते आणि बोल्ट समोरच्या पट्टीच्या भोकात न जाता कडेवर आपटतो. पट्टीवर घासल्याची चमकती रेघ दिसली तर कुलपाला दोष देऊ नका. ट्रेलरची लेव्हल आधी चाकांखाली फळ्या घालून आणि पुढच्या, उचलायच्या वेगळ्या जॅकने साधायची. मग कोपऱ्याचे जॅक जमिनीला टेकवून जेमतेम आवळायचे.

दार उघडं ठेवूनही बोल्ट अडत असेल तर मात्र कुलूपच तपासा. प्रवासाच्या हादऱ्यांनी आतल्या बाजूचे स्क्रू ढिले होतात. ते हातानेच आवळा. ड्रिल लावलं तर आटे जातात. किल्लीच्या भोकात तेल नको, धूळ धरतं. ग्राफाइट पावडर बास.

एका गोष्टीची मात्र खरंच काळजी वाटते. इथे अमेरिकेत सामानाच्या बाहेरच्या कप्प्यांची सीएच७५१ नंबरची किल्ली असंख्य ट्रेलरांना सारखीच असते. तुमच्या किल्लीवर काय कोरलंय, पाहिलंय कधी?